ॲड्रिनलची गाठ: मोजपट्टी बाजूला ठेवा, आधी रक्त तपासा

प्रश्न लोकमान्य नगरातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "आईचं वय ५८. कंबरेत कळ आली म्हणून मूतखड्याच्या शंकेवरून पोटाचा सीटी काढला. खडा छोटा होता, निघून गेला. पण रिपोर्टमध्ये डाव्या ॲड्रिनल ग्रंथीवर २.४ सेंटिमीटरची गाठ, एचयू ६, असं लिहून आलं. आईला बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, शुगरही आहे. एक डॉक्टर म्हणाले काढून टाका, दुसरे म्हणाले दर सहा महिन्यांनी सीटी करत राहा, तिसरे म्हणाले विसरून जा. या साध्या गाठींवर सध्या जगात काय संशोधन चाललंय आणि त्याचा आईला काही उपयोग आहे का? आम्हा भावंडांनाही तपासून घ्यावं लागेल का?"

ताई, तिघांपैकी कुणालाही मी चूक ठरवणार नाही. ते तीन सल्ले तीन वेगवेगळ्या काळातल्या पुस्तकांमधून आलेत, इतकंच. 'काढून टाका' हे सीटी नवीन होते तेव्हाचं. 'दर सहा महिन्यांनी सीटी' हे त्यानंतरच्या भीतीचं. आणि 'विसरून जा' हे अलीकडचं, पण अर्धंच वाचलेलं. मी इंदूरला हॉर्मोनच्या आजारांचीच प्रॅक्टिस करतो आणि अशा गाठीचा रिपोर्ट घेऊन कुणी ना कुणी सारखंच येत असतं. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या संशोधनाने मुख्य प्रश्नच बदलला. पूर्वी सगळे विचारायचे, गाठ केवढी आहे? आता विचारायचं ते हे, की गाठ रक्तात काय सोडते आहे?

आधी ग्रंथीबद्दल दोन वाक्यं. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर चार-पाच ग्रॅम वजनाची एकेक ग्रंथी बसलेली असते. तिच्या सालीतून अल्डोस्टेरॉन (मीठ-पाणी सांभाळणारं), कॉर्टिसॉल (ताण, शुगर, प्रतिकारशक्ती सांभाळणारं) आणि थोडे पुरुषी हॉर्मोन निघतात. आतल्या गरातून ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन. किडनीशी तिचा संबंध शेजारापुरता. 'किडनीवर गाठ आली' असं नातेवाइकांना सांगत फिरू नका, विनाकारण घबराट होते.

आता, या गाठी अचानक इतक्या का सापडायला लागल्या? अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत, जिथे मेयो क्लिनिक आहे, सगळ्या रहिवाशांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९५ मध्ये तिथे लाखामागे वर्षाला ४.४ लोकांना ॲड्रिनलच्या गाठीचं निदान होत होतं, २०१७ मध्ये ४७.८ जणांना. दहापट! वाढ मुख्यतः चाळीस मिलीमीटरखालच्या, योगायोगाने सापडलेल्या गाठींची होती. माणसांची शरीरं बावीस वर्षांत बदलली नाहीत, सीटीची मशीनं वाढली. आपल्याकडेही तेच झालं. कोरोनाच्या दोन वर्षांत छातीचे जे ढीगभर सीटी निघाले, त्यांच्या शेवटच्या चकत्यांमध्ये ॲड्रिनल ग्रंथी येतेच. त्यामुळे खोकल्यासाठी गेलेला माणूस गाठीची चिठ्ठी घेऊन परतला, असं बऱ्याच घरी घडलं. पन्नाशीनंतर सीटी काढलेल्या शंभरातल्या काही जणांमध्ये अशी गाठ निघणारच. वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. ॲड्रिनलचा खरा कॅन्सर मात्र फार दुर्मिळ आहे, दहा लाखांमागे वर्षाला एखाद-दोन.

मग आईची गाठ कॅन्सरची नाही हे कशावरून? तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात मोलाचा आकडा २.४ नाही, ६ आहे. एचयू म्हणजे हाउन्सफील्ड युनिट, सीटीवर दिसणाऱ्या घनतेचं माप. पाणी शून्य, चरबी साधारण उणे शंभर. ॲड्रिनलच्या साध्या गाठीत कोलेस्टेरॉलचा साठा असतो, कारण हॉर्मोन बनवायचा कच्चा माल तोच. त्यामुळे ती सीटीवर पाण्याच्या आसपास, काळपट दिसते. कॅन्सरच्या गाठीत हा साठा नसतो, तिचा आकडा वर जातो. युरोपियन एंडोक्राइन संघटनेने ॲड्रिनलच्या गाठींवर काम करणाऱ्या युरोपियन गटाबरोबर २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या नव्याने लिहिल्या. त्यांत आता स्वच्छ लिहिलंय: गाठ सगळीकडे एकसारखी असेल आणि एचयू १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती साधी समजावी, मग आकार काहीही असो. पुन्हा सीटी नको. चार सेंटिमीटरच्या वर गेली की काढाच, हा जुना दंडक अशा गाठींपुरता तरी संपला.

इथे एक गोष्ट मात्र डोळ्यांनी बघून घ्यावी लागते, आणि मी ती प्रत्येक पेशंटच्या बाबतीत स्वतः बघतो. हा आकडा डाय (सीटीसाठी शिरेतून देतात ते औषध) देण्याआधीच्या चकत्यांवर मोजलेला हवा. डाय गेल्यावर साधी गाठही साठ-सत्तर दाखवते आणि माणूस उगीच हादरतो. मूतखड्यासाठी काढलेला सीटी बहुतेक वेळा बिनडायचाच असतो, म्हणून आईचा रिपोर्ट उपयोगी आहे. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून 'डॉक्टरसाहेब, बघून सांगा' म्हणतात, त्यातून काहीच मोजता येत नाही. सेंटरमधून सीडी मागून घ्या. ती कॉम्प्युटरवर उघडली की गाठीवर एक गोल काढायचा, साधारण दोन-तृतीयांश भाग येईल एवढा, कडा टाळून. कडेला चिकटलेली पोटातली चरबी गोलात आली तर आकडा खोटाच खाली येतो. उलट, इवलासा गोल एखाद्या काळ्या ठिपक्यावर ठेवला तरी फसगत. त्याच वेळी गाठ आतून एकसारखी आहे की ठिगळं लावल्यासारखी, तेही दिसतं. एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात, पण पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

एचयू ११ ते २० मध्ये असेल, गाठ एकसारखी आणि चार सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर आणखी एखादी तपासणी किंवा वर्षभराने एक सीटी. विसाच्या वर आणि मोठी, किंवा आतून वेडीवाकडी असेल, तर सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि आमच्यासारखे लोक एकत्र बसून ठरवतात. डाय किती लवकर धुऊन जातो ते बघायची 'वॉशआउट' पद्धत अनेक वर्षं सगळीकडे चालली, पण ती ज्या अभ्यासांवर उभी होती ते फारच तोकडे निघाले. रिपोर्टमध्ये वॉशआउटचे टक्के लिहिलेले असले तरी मी त्यांवर एकट्यावर निर्णय टाकत नाही.

कॅन्सर ओळखण्यातलं खरं नवं काम लघवीत झालं. चौदा केंद्रांनी मिळून दोन हजारांवर रुग्णांचा 'युरीन-ॲक्ट' नावाचा अभ्यास केला, तो २०२० मध्ये आला. चोवीस तासांच्या लघवीतले स्टिरॉइडचे अंश मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजायचे आणि कोणता अंश किती यावरून कॉम्प्युटरने गाठीची जात सांगायची. कल्पना सुंदर आहे. कॅन्सरच्या पेशींना हॉर्मोन पूर्ण बनवता येत नाही, अर्धवट माल बाहेर पडतो, तो लघवीत पकडायचा. त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की संशयाची रेघ १० ऐवजी २० वर ओढली तरी कॅन्सर फारसे निसटत नाहीत. आपल्याकडे ही तपासणी रोजच्या वापरात नाही, आणि आईला तिची गरजही नाही.

'पण गाठ वाढली तर?' हा पुढचा प्रश्न येणारच. याचं उत्तर २०१९ मध्ये बत्तीस अभ्यासांतल्या चार हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून मिळालं. सरासरी साडेचार वर्षांच्या आसपास लक्ष ठेवल्यावर गाठ सरासरी २ मिलीमीटर वाढली. दहा मिलीमीटर किंवा जास्त वाढली ती फक्त अडीच टक्के लोकांत. साध्या ठरवलेल्या गाठीचा पुढे कॅन्सर झाला, असा एकही रुग्ण नव्हता. हे समोर असताना दर सहा महिन्यांनी सीटी काढायचा, म्हणजे रेडिएशन घ्यायचं, पैसे घालायचे आणि दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला झोप नाही. दोन सेंटर वेगवेगळी असली की मोजण्यातच दोन-तीन मिलीमीटरचा फरक पडतो आणि 'वाढली!' म्हणून पुन्हा पळापळ. मला विचाराल तर या आजारात उपचारापेक्षा पाठपुराव्यानेच लोकांना जास्त छळलंय.

इथवर वाचून तिसऱ्या डॉक्टरांचं 'विसरून जा' बरोबर वाटेल. पण संशोधनाचा खरा जोर आता पुढच्या भागावर आहे आणि तुमच्या आईचा प्रश्नही तिथेच आहे.

कॉर्टिसॉल जास्त झालं की कुशिंग सिंड्रोम होतो: चेहरा गोल, पोटावर जांभळे पट्टे, हात-पाय बारीक. तो ओळखू येतो. पण बऱ्याच गाठी इतक्या कमी प्रमाणात कॉर्टिसॉल सोडतात की माणूस बघून काही कळत नाही. पूर्वी याला 'सबक्लिनिकल कुशिंग' म्हणायचे आणि जणू तो कुशिंगच्या आधीचा थांबा आहे अशा थाटात बोलायचे. पण वर सांगितलेल्याच २०१९ च्या अभ्यासात अशा हजार लोकांमधला एखादाही पुढे पूर्ण कुशिंगपर्यंत गेला नव्हता. म्हणून आता नाव बदललं: सौम्य स्वायत्त कॉर्टिसॉल स्राव, आम्ही आपसांत 'मॅक्स' म्हणतो. रात्री कॉर्टिसॉल अगदी तळाला जायला हवं. गाठीला मेंदूचा हुकूम लागत नाही, ती रात्रीही थोडंथोडं सोडत राहते. वर्षानुवर्षं रात्री ही विश्रांती न मिळाल्याने शुगर, बीपी, हाडं आणि स्नायू सगळ्यांवरच परिणाम होतो. इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मणक्यांचे एक्स-रे काढले, तेव्हा न दुखता दबलेले मणके बरेच सापडले. हाडांची घनता फारशी कमी नसतानासुद्धा.

२०२२ मध्ये दोन मोठे अभ्यास आले आणि या विषयाला वजन आलं. पहिल्यात साध्या गाठी असलेले १,३०५ लोक होते. निम्म्यांच्या गाठी गप्प होत्या, पाच टक्क्यांना पूर्ण कुशिंग होतं, आणि उरलेले जवळपास पंचेचाळीस टक्के मॅक्सचे. म्हणजे हा अपवाद नव्हे. मॅक्स असलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, त्यांना बीपी आणि मधुमेह जास्त होता, आणि ज्यांचा स्राव त्यातल्या त्यात जास्त त्यांना बीपीच्या तीन-तीन गोळ्या किंवा इन्सुलिन लागण्याचं प्रमाणही जास्त होतं. दुसऱ्या अभ्यासात सोळा देशांतले ३,६५६ लोक होते, वर्षानुवर्षं लक्ष ठेवलेले. कॉर्टिसॉल सोडणाऱ्या गाठी असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, आणि हा फरक सगळ्यात ठळक दिसला तो पासष्टच्या आतल्या स्त्रियांमध्ये. तुमची आई ५८ ची, बीपीच्या तीन गोळ्या, शुगर. म्हणून सांगतो, तिच्याबाबतीत विसरून जाता येणार नाही.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. हे सगळे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. गाठ काढली की बीपी सुटतो का, हे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडूनच कळतं, आणि तशा चाचण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक इटलीतून २००९ मध्ये आली, लहानशी. अलीकडची, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली, फ्रान्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झाली. मॅक्स आणि बीपी दोन्ही असलेले रुग्ण घेतले, आधी सगळ्यांच्या गोळ्या एका शिस्तीत बसवल्या, मग निम्म्यांचं ऑपरेशन केलं. ऑपरेशनवाल्यांना बीपी ताब्यात ठेवायला गोळ्या बऱ्याच कमी लागल्या. गट लहान होता, हार्ट अटॅक किंवा आयुष्य यांबद्दल त्यातून काही म्हणता येत नाही. पण दिशा कळते. माझा कल असा: साठीच्या आतबाहेरची व्यक्ती, बीपी-शुगर दोन्ही, तपासण्या पुन्हापुन्हा स्पष्ट, तर ऑपरेशनचा विचार जरूर करावा. ऐंशीच्या घरातल्या आजोबांचा आकडा रेघेच्या केसभर वर आला म्हणून त्यांना टेबलावर घ्यायचं, हे मला पटत नाही.

तपासणी साधी आहे. रात्री अकरा वाजता डेक्सामेथासोन १ मिलीग्रॅम घ्यायचं, सकाळी आठ-नऊच्या दरम्यान कॉर्टिसॉलसाठी रक्त द्यायचं. आपल्याकडची नेहमीची गोळी अर्ध्या मिलीग्रॅमची असते, म्हणून दोन गोळ्या. पण चार मिलीग्रॅमचीही मिळते, तेव्हा पत्त्यावरचा आकडा चष्मा लावून वाचा. गोळी घेऊन मग सराफ्याच्या खाऊगल्लीत मालपुवा खायला गेलात तरी टेस्ट बिघडत नाही, गोळी विसरलात तर बिघडते. निरोगी माणसात सकाळचं कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून खाली येतं. वर राहिलं तर लगेच निदान करून मोकळं व्हायचं नाही. फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्या आणि टीबीचं रिफाम्पिसिन डेक्सामेथासोन भराभर पचवून टाकतात, मग आकडा खोटाच वर दिसतो. गर्भनिरोधक गोळ्या, रात्रपाळी, दारू, नैराश्य, हेही घोळ घालतात. उलट बाजूने, गुडघेदुखीच्या पुड्यांत किंवा गोरं करणाऱ्या क्रीममध्ये स्टिरॉइड असेल तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल आधीच दबलेलं असतं आणि सगळं चित्र उलटंपालटं होतं. त्यामुळे आईला विचारताना 'औषध काय घेतेस' एवढंच विचारू नका. 'वैद्याची पुडी, मलम, इंजेक्शन?' असं एकेक विचारा. आकडा वर आलाच तर टेस्ट पुन्हा करायची आणि जोडीला एसीटीएच (मेंदूकडून ॲड्रिनलला येणारा हुकूम तो हाच) व डीएचईए सल्फेट (ॲड्रिनलचंच एक पुरुषी हॉर्मोन) बघायचं. खरंच गाठ सोडत असेल तर हे दोन्ही खाली असतात.

आता दुसरं हॉर्मोन, अल्डोस्टेरॉन. तीन गोळ्यांवरचा बीपी आणि ॲड्रिनलची गाठ हे दोन शब्द एका ओळीत आले की माझ्या डोक्यात आधी हेच येतं. ते जास्त झालं की बीपी चढतो. अमेरिकेतल्या जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या आजाराचा पहिला रुग्ण छापला, तेव्हा तो अगदी दुर्मिळ आजार मानला गेला. पोटॅशियम फार खाली असेल तरच शोधायचा, अशी शिकवण आम्हालाही होती. आज माहीत आहे की बीपीच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना हा असतो आणि त्यांतल्या बहुतेकांचं पोटॅशियम नॉर्मल असतं. २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासाने तर दाखवलं की इथे 'आहे' आणि 'नाही' असे दोन कप्पेच नाहीत, अल्डोस्टेरॉनचा जास्तीचा स्राव नॉर्मल बीपीपासून हट्टी बीपीपर्यंत चढत जातो. एंडोक्राइन सोसायटीच्या २०२५ च्या नव्या सूचनांनी पुढचं पाऊल टाकलं: बीपी असलेल्या प्रत्येकाची एकदा तरी अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणी करावी. (रेनिन किडनीतून निघतं आणि अल्डोस्टेरॉनला कामाला लावतं; गाठ आपल्या मनाने अल्डोस्टेरॉन सोडत असेल तर रेनिन तळाला जातं.) युरोपियन हृदयरोग संघटनेनेही आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, असंच सुचवलं होतं.

आपल्या माळव्यात याला वेगळा अर्थ आहे. जास्तीचं अल्डोस्टेरॉन एकटं असताना जेवढं नुकसान करतं, त्याहून कितीतरी जास्त ते मिठाच्या संगतीत करतं, हृदयाचं आणि किडनीचंही. सकाळी पोह्यांवर सेव, दुपारी जेवणात सेव, संध्याकाळी चहाबरोबर पुन्हा नमकीन, असा ज्या गावाचा दिनक्रम आहे, तिथे ही तपासणी न करणं म्हणजे दिव्याखाली अंधार. मात्र टेस्टच्या आदल्या आठवड्यात एकदम मीठ बंद करू नका. मीठ तोडलं की रेनिन वर येतं आणि आजार लपतो. नेहमीसारखंच खा. उपदेश नंतर.

रक्त सकाळी, उठून दोनेक तास हिंडल्या-फिरल्यावर, थोडं बसून द्यायचं. पोटॅशियम सोबत मोजायचंच, कारण ते खाली असेल तर अल्डोस्टेरॉनही खोटं कमी येतं. नस दिसावी म्हणून मूठ जोरजोरात आवळायला लावतात, तेवढ्यानेही पोटॅशियम वर दिसतं, म्हणून मूठ सैल ठेवा. गोळ्या बंद करायच्या का? बीपीच्या सगळ्या गोळ्या महिनाभर बंद करून माणसाला स्ट्रोकच्या तोंडी देण्यापेक्षा आहे तशी टेस्ट करावी आणि अर्थ लावताना गोळी लक्षात ठेवावी, हे आता मान्य झालंय. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या रेनिन वाढवतात. त्या चालू असूनही रेनिन तळाला असेल तर संशय उलट बळकट होतो. बीटा ब्लॉकर रेनिन खाली आणतात, तिथे सावध राहायचं. अल्डोस्टेरॉनलाच अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनचा मात्र विचार वेगळा, ती चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

अल्डोस्टेरॉन वर आलं तरी दोष त्याच गाठीचा आहे हे गृहीत धरता येत नाही. जपानी पॅथॉलॉजिस्टांनी वरवर निरोगी दिसणाऱ्या ग्रंथींच्या चकत्या विशिष्ट रंगाने रंगवल्या, तेव्हा सालीत अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके सापडले, आणि वयाबरोबर ते वाढत जातात असं पुढे दिसलं. म्हणजे डावीकडची दिसणारी गाठ निर्दोष आणि उजवीकडची न दिसणारी ठिपक्याएवढी जागा गुन्हेगार, असंही असू शकतं. ते शोधायला दोन्ही बाजूंच्या ॲड्रिनल शिरांतून रक्त घ्यावं लागतं. उजवी शीर इतकी आखूड आणि थेट महाशिरेत उघडणारी, की भल्याभल्यांना सापडत नाही. देशात हे सफाईने करणारी केंद्रं थोडी आहेत. म्हणूनच जगभर पर्याय शोधले जातायत. मेटोमिडेट नावाचं द्रव्य वापरून केलेला पेट स्कॅन या शिरांच्या तपासणीपेक्षा कमी ठरला नाही, असं ब्रिटनमधल्या एका चाचणीने २०२३ मध्ये दाखवलं. अडचण एवढीच की त्यातला किरणोत्सारी कार्बन वीस मिनिटांत अर्धा होतो, म्हणजे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, शेजारीच हवं. म्हणून जास्त टिकणारी फ्लोरिनवाली द्रव्यं बनतायत. गॅलियमवालं पेंटिक्साफोरही तपासलं जातंय. मजा म्हणजे २०१६ च्या एका डच-पोलिश चाचणीत, नुसत्या सीटीवर ठरवलेल्या आणि शिरांच्या रक्तावर ठरवलेल्या रुग्णांना वर्षभरानंतर बीपीच्या गोळ्या सारख्याच लागल्या. आमच्या क्षेत्रात त्यावरून अजून वाद चालू आहे.

ऑपरेशनलाही स्पर्धक आलाय. डावी ॲड्रिनल पोटाच्या पिशवीच्या अगदी मागे असते. त्यामुळे तोंडातून एंडोस्कोप घालून, अल्ट्रासाउंडच्या नजरेखाली पोटाच्या भिंतीतून सुई नेऊन गाठ उष्णतेने जाळायची, असा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला आणि २०२५ मध्ये छापून आला. जेमतेम अठ्ठावीस रुग्ण होते, आणि त्या टप्प्यावर प्रश्न सुरक्षिततेचा होता. त्या कसोटीला तो उतरला. ग्रंथी वाचते, गाठ जाते. पण आज कुणी तुम्हाला हे नेहमीचा उपचार म्हणून सुचवलं, तर थोडं थांबायला सांगा. औषधांत बॅक्सड्रोस्टॅट आणि लोरुन्ड्रोस्टॅट ही दोन नावं ऐकू येतील. अल्डोस्टेरॉन बनवणारं एन्झाइमच ती अडवतात. २०२५ मध्ये त्यांच्या मोठ्या चाचण्या आल्या, पण त्या हट्टी बीपीवरच्या होत्या.

गंमत अशी की एकच गाठ दोन्ही हॉर्मोन सोडू शकते. २०१७ मध्ये लघवीतल्या स्टिरॉइडवरूनच कळलं की अल्डोस्टेरॉनच्या बऱ्याच रुग्णांत कॉर्टिसॉलही जास्त असतं. ऑपरेशनआधी हे माहीत नसेल तर ऑपरेशननंतर पेशंट अचानक ढासळतो. म्हणून दोन्ही टेस्ट करायच्या, एक पॉझिटिव्ह आली म्हणून दुसरी टाळायची नाही.

जनुकांच्या शोधांनी तर या विषयाचा पायाच घातला. २०११ मध्ये अल्डोस्टेरॉनच्या गाठींत केसीएनजे५ या पोटॅशियम वाहिनीच्या जनुकात बिघाड सापडला. वाहिनीची गाळणी बिघडते, सोडियम आत शिरतं, पेशी सतत 'चालू' राहते. पूर्व आशियातल्या रुग्णांत हा बिघाड बराच जास्त आणि स्त्रियांतही जास्त, आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत वेगळा, कॅल्शियम वाहिनीचा. २०१४ मध्ये कुशिंगच्या गाठींत पीआरकेएसीए सापडलं. २०१३ मध्ये दोन्ही बाजूंना मोठ्या गाठी येणाऱ्यांत एआरएमसी५. आणि माझं आवडतं, २०२१ मधलं केडीएम१ए. काही लोकांत कॉर्टिसॉल जेवल्यावर वाढतं, कारण आतड्यातून निघणाऱ्या हॉर्मोनचा ग्राहक (त्याला पकडणारा रेणू) ॲड्रिनलमध्ये भलत्याच ठिकाणी उगवलेला असतो. का उगवतो, याचं उत्तर त्या जनुकात मिळालं. यातलं फार थोडं आज ओपीडीत वापरता येतं.

आतल्या गराची गाठ, फिओक्रोमोसायटोमा, हिला 'साधी' म्हणणंच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणाने सोडून दिलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी दिसणारीही पुढे पसरू शकते. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत ऑपरेट झालेल्या ॲड्रिनल गाठींत हिचा वाटा बराच मोठा असतो. आईचा एचयू ६ आहे आणि फिओ दहाच्या खाली जवळजवळ कधीच येत नाही, म्हणून तिच्या मेटानेफ्रिन (ॲड्रिनलिनपासून बनणारे अंश) तपासणीचे पैसे वाचवा. बाकीच्यांनी मात्र लक्षात ठेवा: दहाच्या वरच्या गाठीत मेटानेफ्रिन तपासल्याशिवाय तुकडा काढायला सुई घालू द्यायची नाही. फिओमध्ये सुई गेली तर बीपी टेबलावरच आकाशाला भिडू शकतो. सुईची खरी गरज आपल्याकडे वेगळ्याच ठिकाणी पडते. दोन्ही ॲड्रिनल सुजलेल्या, वजन उतरलेलं, अंग काळवंडलेलं, सोडियम कमी, अशा माणसात टीबी किंवा हिस्टोप्लाझ्मोसिस ही बुरशी असू शकते. पाश्चात्त्य सूचनांत याला दोन ओळी मिळतात, आपल्याला त्यावर आपलाच अभ्यास हवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगून टाकतो: सीटीच्या चित्रावरून गाठीची जात सांगणारे पेपर दर आठवड्याला निघतात, बहुतेक एकेका रुग्णालयाच्या जुन्या फिल्मांवर. माझ्या ओपीडीत अजून त्यांचा उपयोग झालेला नाही.

तर आईसाठी आता काय. सीडी आणून एचयू एकदा नीट मोजून घ्या. तो दहाच्या आत आणि गाठ एकसारखी असली, तर पुन्हा सीटी नको. डेक्सामेथासोनची टेस्ट, अल्डोस्टेरॉन, रेनिन, पोटॅशियम, एचबीए१सी, एवढं करा. बीपी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. सगळं नॉर्मल आलं तर गाठीची फाइल बंद, बीपी-शुगरची चालू. अल्डोस्टेरॉन सापडलं तर त्याच्यावर नेमकी गोळी आहे, आणि दोष एकाच बाजूचा ठरला तर दुर्बिणीतून ऑपरेशन. कॉर्टिसॉल १.८ च्या वर राहिलं तर पुन्हा टेस्ट, एसीटीएच, मणक्याचा एक्स-रे, आणि मग निवांत बसून बोलू.

ऑपरेशन ठरलंच तर असा सर्जन निवडा जो ॲड्रिनल नियमित करतो, आणि त्याला आधीच विचारा की हायड्रोकॉर्टिसोन (गोळीतलं कॉर्टिसॉल) कोण देणार, किती दिवस. कॉर्टिसॉल सोडणारी गाठ निघाली की दुसऱ्या बाजूची ग्रंथी झोपेतून उठायला आठवडे, कधी महिने घेते. तेवढ्या काळात ताप, उलट्या झाल्या तर डोस दुप्पट करायचा आणि गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी लगेच दवाखाना गाठायचा. हे घरातल्या दोघांना तरी पाठ असलं पाहिजे. डिस्चार्जच्या कागदावर ते लिहून घ्या.

तुम्हा भावंडांचं: एका बाजूची, एकटी, अशी साधी गाठ वंशाने येत नाही. सीटी काढू नका. दोन्ही बाजूंना गाठी किंवा फिओ निघाला असता तर जनुकांची तपासणी सुचवली असती. तुमच्यापैकी कुणाला चाळिशीच्या आत बीपी लागला असेल, तर अल्डोस्टेरॉन-रेनिन मात्र करून घ्या, आईचा रिपोर्ट काहीही येवो.